जोडीला संगणक हवा, बदल्यात नको

गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो आणि प्रत्येक वेळी त्याच दोन टोकांवर जाऊन अडतो. एका टोकाला शहरातले जाणते पालक, बालरोगतज्ज्ञ आणि काही शिक्षणतज्ज्ञ आहेत. २०२३ साली स्वीडनसारख्या श्रीमंत देशानं शाळांत पुन्हा छापील पुस्तकं आणि हातानं लिहिणं यांवर भर द्यायचं ठरवलं, मग मोखाड्यातल्या नि धारणीतल्या मुलांपुढे आपण पडदे कशाला धरायचे, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या टोकाला अधिकारी, देणगीदार कंपन्या आणि उत्साही लोकप्रतिनिधी. शहरातल्या मुलाला जे मिळतं ते पाड्यावरच्या मुलाला नाकारणारे तुम्ही कोण, असं ते विचारतात, आणि आता तर तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याच्या घोषणा झाल्या आहेत. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. पण दोघांचीही नजर एकाच वस्तूवर खिळलेली असते, ती म्हणजे यंत्र. त्या यंत्राशेजारी कोण उभं आहे, त्याच्याकडे वेळ किती आहे, तो कोणत्या भाषेत बोलतो आणि यंत्र बंद पडल्यावर कोणाचं दार ठोठावतो, हे प्रश्न वादात येतच नाहीत.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. वंचित वस्त्यांमधल्या शाळांत संगणक आलाच पाहिजे, चांगला आला पाहिजे आणि लवकर आला पाहिजे. मात्र तो शिकवणाऱ्या माणसाच्या जोडीला आला पाहिजे, बदल्यात कधीही नाही. ज्या योजनेमुळे गरीब मुलाच्या वाट्याला येणारा शिक्षकाचा वेळ वाढतो, ती योजना मी डोक्यावर घेईन. ज्या योजनेत तो वेळ घटतो, ती कितीही चकचकीत असली तरी नाकारली पाहिजे. एवढी एक कसोटी लावली तर या वादातला बराच धुरळा खाली बसेल.

विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही. २००५ साली अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही कल्पना जगापुढे मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप, मुलाच्या हाती द्यायचा, मूल आपोआप शिकेल. भारत सरकारनं तेव्हा नकार दिला. २००६ साली केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी लिहिलं होतं की आपल्याला या साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे. पुष्कळांनी त्यांना जुनाट ठरवलं. तरीही पुढच्याच वर्षी ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या शाळेत प्रयोग म्हणून आले. मोठ्या प्रमाणावर ही कल्पना राबवली ती पेरू देशानं, आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटून. तिथल्या ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास २०१२ साली बाहेर आला. मुलांना संगणक वापरता येऊ लागला होता, सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडी प्रगतीही दिसली. पण गणितात आणि भाषेत, म्हणजे ज्यासाठी शाळा असते त्यात, लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही. बॅनर्जींचा इशारा त्या वेळी कटू वाटला असेल, पण तो खरा ठरला हे मान्य केलंच पाहिजे.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. थॉमस एडिसननं १९१३ साली भाकीत केलं होतं की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीसंच पोहोचले, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम लागायचे. आपल्या देशाच्या इतिहासातला तो एक धाडसी आणि सुंदर प्रयत्न होता. पण उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष संपलं, उपग्रह दुसरीकडे नेला गेला आणि पडदे काळे झाले. मागे काय उरलं? त्या वर्षात याच माध्यमातून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. उपग्रह गेला तरी ते शिक्षक आपापल्या वर्गांत राहिले. पुढे वीस-पंचवीस वर्षं त्यांनी किती मुलांना शिकवलं असेल, याचा हिशेब कोणी करत नाही, कारण तो उद्घाटनाच्या फोटोत मावत नाही.

इथवर वाचून स्वीडनचा दाखला देणारे मान डोलावतील. पण त्यांना मला थांबवायचं आहे, कारण पुढची गोष्ट त्यांच्या सोयीची नाही. स्वीडनमधलं मूल घरी पुस्तकांच्या कपाटाशेजारी वाढतं. त्याला वाचून दाखवणारे आईवडील आहेत, गावात ग्रंथालय आहे, वर्गात पुरेसे प्रशिक्षित शिक्षक आहेत. तिथे पडदा बाजूला केला की हाताशी पुस्तक येतं. आपल्या पाड्यावर पडदा बाजूला केला की हाताशी काय येतं? मुलांना किती वाचता-मोजता येतं हे गावोगाव तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीनुसार २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी साधारण ५० मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. करोनानंतर, २०२२ मध्ये, हा आकडा ४३च्या आसपास घसरला आणि २०२४ मध्ये ४९पर्यंत सावरला. म्हणजे निम्मी मुलं पाचवीत पोहोचूनही दुसरीची पायरी चढलेली नाहीत. अशा वर्गात एकटी बाई चाळीस मुलांपुढे पाचवीचा धडा वाचते, तेव्हा निम्म्या वर्गाला तो परक्या भाषेसारखा ऐकू येतो. बाईंचा दोष नाही. एकाच वेळी पाच पातळ्यांवर शिकवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

नेमकं इथेच संगणक उपयोगी पडतो, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. गुजरात सरकारनं वडोदऱ्याच्या सुमारे शंभर पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ साली पाहणी झाली तेव्हा फार थोड्या शाळांत मुलं ते वापरत होती. मग 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेनं तिथे प्रशिक्षित मार्गदर्शक नेमले. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, त्यांच्या त्यांच्या पातळीचे गणिताचे खेळ. दोन वर्षांत गणितातली प्रगती लक्षणीय दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. संगणक तेच, शाळा त्याच, मुलंही त्याच वस्त्यांमधली. नवा आला होता तो मार्गदर्शक आणि त्यानं आखून दिलेला वेळ. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवू नये. व्यायाम सोडला की ताकद उतरते, तसं ते आहे.

त्याहून बोलका अभ्यास गुजरातमधल्याच 'ज्ञानशाळां'चा, म्हणजे गरीब मुलांसाठी एका स्वयंसेवी संस्थेनं चालवलेल्या शाळांचा. तिथे गणिताचा संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. काही शाळांत तो शिक्षिकेच्या तासाऐवजी लावला. काही शाळांत शाळेच्या वेळेबाहेर, जादा तास म्हणून. जिथे संगणकानं शिक्षिकेची जागा घेतली तिथे मुलं मागे पडली. जिथे तो वरचा तास म्हणून आला तिथे मुलं पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा वर्गातल्या कच्च्या मुलांना झाला. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या कार्यक्रमाचा असाच अभ्यास झाला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शाळा सुटल्यावर दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात शिक्षकाबरोबर. साडेचार महिन्यांत त्यांच्या गणितातली वाढ इतर मुलांच्या दुपटीहून अधिक झाली. याच्यापुढे कोणी 'गरीब मुलांना संगणक नकोच' म्हणत असेल तर मी ते मान्य करणार नाही. ज्या मुलाच्या मागे शिकवणी लावायला बाप नाही, त्याला त्याच्या पातळीवर येऊन, न रागावता, दहाव्यांदा तेच गणित घालणारं साधन मिळत असेल, तर ते हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मात्र या सगळ्या यशांत यंत्र एकटं कुठेही नव्हतं. आणि आपल्या सरकारी योजनांत ते बहुतेक ठिकाणी एकटंच येतं.

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या उतारावरच्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतला होता. भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवलेली. मी तो बघायला मागितला तेव्हा बाईंनी कपाट उघडलं. प्रोजेक्टर मूळ खोक्यात, वर जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला. त्याचा दिवा जाऊन दीड वर्ष झालं होतं. नवा दिवा तालुक्याला मिळत नव्हता, जिल्ह्याला जावं लागे, आणि त्याची किंमत शाळेच्या सादिल, म्हणजे किरकोळ, खर्चात बसत नव्हती. दुरुस्तीला नेताना एसटीत फुटला तर? डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या वहीत, त्याची नोंद होती आणि चार्ज बाईंकडे होता. 'वापरला आणि बिघडला तर भरून द्यावं लागतं, कपाटात राहिला तर कोणी विचारत नाही,' बाई म्हणाल्या. या एका वाक्यात आपल्या शैक्षणिक साहित्याचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८७च्या 'खडू-फळा' मोहिमेतल्या विज्ञानपेट्यासुद्धा कित्येक शाळांत अशाच कुलपात राहिल्या. ज्या व्यवस्थेत वापरणाऱ्याला शिक्षा आणि न वापरणाऱ्याला अभय आहे, तिथे तुम्ही टॅब द्या नाहीतर यंत्रमानव द्या, तो कपाटातच जाणार.

पैशाचा हिशेब बघा. समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात स्वच्छतागृह, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचं बिल. थकलेल्या बिलापोटी राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडली गेली, त्यात 'डिजिटल शाळा' अशी पाटी लावलेल्या शाळाही होत्या. खरेदीला निधी मिळतो, कारण खरेदीला निविदा असते, कार्यक्रम असतो, फीत असते. तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीला काहीच नसतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या वीज-दुरुस्तीसाठी बाजूला काढल्याशिवाय एकही खरेदी मंजूर करू नये, आणि प्रत्येक केंद्रात दहा-बारा शाळांमागे आयटीआय झालेला एक स्थानिक तरुण पगारावर नेमावा. केरळनं २००१ पासून याच दिशेनं सावकाश, न थकता काम केलं. शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडवले, परवान्याचे पैसे वाचवणारी मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली आणि २०१८ पासून शाळाशाळांत 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे गट उभे केले, जे यंत्रांची देखभालही शिकतात.

'पण शिक्षकच शिकवत नाहीत, त्याचं काय?' हा विरुद्ध बाजूचा सर्वांत टोकदार प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. काही शाळांत शिक्षक उशिरा येतात, काही ठिकाणी येऊनही वर्गात नसतात, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारलं तरी ती सांगेल. तरीही यंत्र हा त्यावरचा उतारा नाही. ज्या शाळेचं दार उघडायला माणूस येत नाही, तिथला टॅब चार्ज कोण करणार? आणि वर्गातून शिक्षक बाहेर का असतो, याचंही एक कारण हेच तंत्रज्ञान आहे. सरल आणि यू-डायस प्लस या सरकारी प्रणालींत भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची जुळवणी, गटावर टाकायचे फोटो. संगणक शाळेत आला तो मुलांना शिकवायला कमी आणि वरच्या कार्यालयाला माहिती पुरवायला जास्त. डोंगरावर रेंज शोधत फिरणारे गुरुजी मी पाहिले आहेत. मुलाचं आधार जुळलं नाही म्हणून ते वर्गात बसलेलं असूनही संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, धरलं गेलं नाही, आणि त्यामुळे शिक्षकाचं पदच धोक्यात आलं, इतक्या टोकाला ही गोष्ट गेली. 'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षकांची मागणी कामचुकारपणाची नाही. संगणकानं शाळेचं पहिलं भलं करायचं असेल तर हे कागदाचं ओझं उचलून करावं. तेवढंच झालं तरी प्रत्येक वर्गाला रोजचा एक तास परत मिळेल.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन आज या वादात कोणी उघडत नाही याचं मला दुःख होतं. वरच्या वर्गांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या इंग्रजी धोरणावर त्यांनी घाव घातला. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो भलत्यांच्या शिक्षणावर, हा त्यांचा हिशेब होता. आणि उपाय म्हणून त्यांनी काय मागितलं? प्रशिक्षित शिक्षक, शक्यतो शेतकरी वर्गातलेच, जे लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, आणि त्यांना किमान बारा रुपये पगार. आज जिल्ह्यात एक आदर्श डिजिटल शाळा उभारून तिचा दिवा सगळीकडे पसरेल असं मानणं ही त्याच झिरपण्याची नवी आवृत्ती आहे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड यांनी आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची रणजितसिंह डिसले यांनी घडवली. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांच्या शाळांतून आपण प्रोजेक्टर आणि क्यूआर कोड उचलले, आणि त्यांना मिळालेली, किंवा त्यांनी झगडून मिळवलेली, मोकळीक मात्र इतर शिक्षकांना दिली नाही.

भाषेचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू. ती मराठीच्या कुळातलीही नाही, मुंडा कुळातली आहे. गडचिरोलीची गोंडी द्रविड कुळातली. या मुलांपुढे पडद्यावरून पुण्या-मुंबईच्या आवाजातली प्रमाण मराठी उतरते आणि आपण तिला 'दर्जेदार आशय' म्हणतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काय केलं होतं? अंगणवाडीत खडे, पानं, बिया हेच साहित्य. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. साधन मुलाच्या जगातून घेतलं. आजच्या फोनमध्ये हे करण्याची ताकद आहे, म्हणूनच मला त्याचा मोह होतो. मुलांनी धवलेरीचं, म्हणजे वारली लग्न लावणाऱ्या बाईचं, लग्नगीत ध्वनिमुद्रित करावं, आजीकडून रानभाज्यांची नावं टिपून घ्यावी, ती देवनागरीत टंकित करावी, वारली शब्दापुढे मराठी शब्द लिहावा. असा वाचनपाठ कुठल्याही कंपनीच्या संचात मिळणार नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती टॅब नको. वर्गात दोन-तीन फोन आणि ती भाषा जाणणारा एक शिक्षक पुरेसा आहे.

करोनाच्या काळात या सगळ्याची परीक्षा झालीच. 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' असं म्हणत रोज दुवे पाठवले गेले. ज्यांच्या घरी फोन नव्हता, किंवा होता तो बापाबरोबर कामावर जायचा, ती मुलं त्या वाक्याच्या बाहेर राहिली. तेव्हा सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका साध्या टीव्हीवरून घरात गेली, पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकरची बोलकी शाळा भरली, सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. माणसं शिकवायला उभी राहिली की रंगाचा डबासुद्धा तंत्रज्ञान होतो. आता फोन घरोघरी आहेत. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. उपकरण नसण्याची अडचण मागे पडत चालली आहे, आणि तरीही आपली धोरणं उपकरणं मोजण्यातच गुंतली आहेत.

हे सगळं आत्ता का लिहितो आहे? २०२३ साली राज्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा पुढे आला. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकतात. त्या एकत्र करून मोठ्या 'समूह शाळां'त विलीन करण्याचा विचार सुरू झाला, आणि त्याच्या बाजूनं बोलताना एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. एवढ्या थोड्या मुलांसाठी दोन शिक्षक कशाला, एखादा पडदा लावा, शहरातला उत्तम शिक्षक सगळ्यांना एकदम शिकवेल. हा युक्तिवाद करणारे आपल्या मुलाला अशा शाळेत घालतील का? उरुग्वेनंही शाळांत पडद्यावरून इंग्रजी शिकवलं, पण वर्गातली शिक्षिका त्या तासाला वर्गातच राहिली, मुलांबरोबर तीही शिकली. शिक्षणहक्क कायदा ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देतो. तो हक्क आहे, आणि पडदा लावून तो फिटत नाही. बारा मुलांच्या शाळेत पडदा जरूर लावा. पण त्याआधी तिथल्या रिकाम्या पदावर माणूस नेमा, त्याला त्या बारा जणांची भाषा शिकायला सहा महिने द्या, आणि शाळेचं वीजबिल भरा.